अनवाणी टाच

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले सर्जेराव तिकडेच उत्तरेत, छावणीला लागून असलेल्या खातीपुऱ्यात घर करून राहिले आणि तिथल्या एका लहानशा खासगी कॉलेजात क्रीडा संचालक झाले. हुद्दा मोठा भारदस्त. पण संचालन कशाचं करायचं? एक ओबडधोबड मैदान, चुन्याचं पोतं आणि गळ्यातली शिट्टी, एवढाच त्यांचा कारभार. नोकरीही हंगामी. दर जुलैत प्राचार्यांच्या दारात उभं राहायचं, आणि ते हसले तर वर्ष निघालं. कऱ्हाडकडे परतावं, तर भावकीने तिथे पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात प्राचार्य म्हणाले, की यंदा कबड्डीचा कप आणा, तुम्हाला कायम करून टाकतो. आमच्या संचालकांची झोप उडाली. पोरं गुणी होती, पण त्यांचा सगळा दम कचोरीवर.

छावणीतला दिलीप नावाचा एक शिपाई रविवारी त्यांच्याकडे भाकरी खायला यायचा. गाव कऱ्हाडजवळचंच. सर्जेरावांच्या बायकोला, तारामतीला, तो मावशी म्हणायचा. पलटणीच्या संघात चढाईला त्याच्यासारखा कुणी नव्हता. एका रविवारी तारामती शेजारी गेलेली पाहून सर्जेरावांनी त्याला विचारलं, की आमच्या एका पोराच्या नावावर खेळशील का? पलटणीत कळलं तर काय होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ज्या घरी जेवतो त्या घरी नाही कसं म्हणायचं? दिलीप ताटाकडे बघत म्हणाला, "बरं, काका."

सर्जेराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दिलीपचं कातरलेलं डोकं उठून दिसू नये म्हणून त्यांनी सगळ्या संघाचे केस तसेच बारीक कापून घेतले. पोरं चार दिवस तोंड लपवत फिरली.

अंतिम सामना जिंकला. बक्षिसाला प्राचार्यांनी ऐन वेळी छावणीतले एक कर्नलसाहेब बोलावून आणले होते. साहेब मैदानात उतरले आणि सर्जेरावांचं जुनं रक्त उसळलं. त्यांनी पोरांना रांगेत उभं केलं आणि छाती फुगवून आवाज दिला, "दल, सावधान!"

बाकीची पोरं जरा सरळ झाली, एवढंच. दिलीपचा मात्र गुडघा वर गेला, अनवाणी टाच धप्पकन जमिनीवर आपटली आणि मुठी मांड्यांना चिकटल्या. केसांचं सर्जेरावांच्या लक्षात आलं होतं, टाचेचं आलं नव्हतं.

कर्नलसाहेब त्याच्यासमोर थांबले आणि हळूच त्याची पलटण विचारली. त्याने सांगितली. तुला इथे कोणी आणलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा सर्जेरावांनी तोंड उघडलं. शेजारून प्राचार्य त्यांच्याकडे रोखून बघत होते. ते तोंड तसंच राहिलं.

"कोई नहीं लाया, साब," दिलीप म्हणाला. "मैं खुद आया."

साहेबांनी चारचौघांत तमाशा केला नाही. दिलीपला जीपमध्ये बसवलं आणि घेऊन गेले. प्राचार्यांनी कप काखोटीला मारला आणि सर्जेरावांची पाठ थोपटून सांगितलं, की सोमवारी या, ऑर्डर तयार असेल.

सर्जेराव घरी आले ते चप्पल न काढता खाटेवर बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तारामतीने विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग तिने खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"त्याला कुणी न्हाई म्हणूनशान तो आपल्याकडं येत हुता," ती म्हणाली. "आन् तुमी हितं बसलायसा?"

उन्हं अजून होती. सर्जेराव सायकल मारत छावणीच्या फाटकावर गेले. पहारेकरी मराठीच निघाला. नाव लिहून घेऊन त्याने विचारलं, की नोकरी कुठे?

"सोमवारपत्तोर कॉलेजात हाय," सर्जेराव म्हणाले. "आत साहेबांना सांगा, दिलीपला खेळायला नेणारा आलाय."