हाड कोणाचं?

पूनम डॉक्टर एवढंच म्हणाली होती की वरच्या जबड्यात आधी हाड भरावं लागेल. दुसरं कोणी असतं तर दुखेल का, किती दिवस लागतील, असलं काही विचारलं असतं. मालतीबाईंनी विचारलं, "कोनाचं?"

प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कागद हिंदीत, बोलणं मराठीत, आणि समोरचा रडत असो की घाईत असो, पहिला रकाना नावाचा. नाव नाही तर पुढचं काहीच नाही. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी लग्नपत्रिका हातात आली की बाई आधी नावांतल्या चुका शोधायच्या.

दातांची एवढी निकड का, तेही सांगायला हवं. वस्तीतल्या विहारात वीस वर्षं वंदना मालतीबाईच घेत. मग वरचे सगळे दात गेले, कवळी आली, आणि जबडा झिजत गेला तशी कवळी ढिली होत गेली. पंचशीलातलं 'पाणातिपाता' म्हणताना पहिल्या 'पा'लाच ती खाली यायची. गेल्या बुद्धपौर्णिमेला तर भर वंदनेत ती हातातच पडली. कोणी हसलं नाही, आणि तेच त्यांच्या जास्त जिव्हारी लागलं. तेव्हापासून वंदना हेमराज मास्तर घेत होते. मास्तर माणूस चांगला, पण पाली म्हणताना वर्गाची हजेरी घेतल्यासारखे म्हणायचे. मालतीबाईंना आपली जागा परत हवी होती. हाडात रोवलेले पक्के दात बसले की ती मिळणार होती. म्हणून सून प्रियंकाला सोबत घेऊन त्या शनिवारी सौसरला आल्या होत्या. नागपूरची ही डॉक्टर तिथे शनिवारीच बसायची. शनिवारी मारुतीला निघालेल्या गर्दीमुळे जामसांवलीपर्यंत बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण त्याची तक्रार त्यांनी एकदाच केली.

डॉक्टरने त्यांना स्कॅन दाखवला. गालाच्या आत, डोळ्याखाली, एक हवेची पोकळी असते. दात गेले की ती हळूहळू खाली उतरते आणि हाड पातळ होतं. मालतीबाईंचं दोन-तीन मिलिमीटरच उरलं होतं. त्यात काही रोवणं शक्यच नव्हतं. मग करायचं काय, तर बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडायची, पोकळीच्या तळाचा नाजूक पापुद्रा न फाडता वर उचलायचा, खाली झालेल्या जागेत हाडाचा चुरा भरायचा आणि सात-आठ महिने थांबायचं. डॉक्टर म्हणाली, आम्ही हे कच्च्या अंड्यावर शिकतो. टरफल घासून काढायचं आणि आतला पापुद्रा शाबूत ठेवायचा.

खिडकी हा शब्द मालतीबाईंना आवडला. अंड्याची गोष्ट तर इतकी आवडली की घरी आल्यावर त्यांनी अंडी मागवली, मुलाच्या, अमोलच्या, हत्यारांच्या पेटीतला पॉलिश पेपर काढला आणि चष्मा लावून ओट्यापाशी बसल्या. पहिली चार अंडी फुटली. तिसऱ्या दिवशीही डब्यात आम्लेटच बघून अमोलने आईला हात जोडले. पाचव्या अंड्याला मात्र रुपयाएवढी खिडकी पडली आणि आतला पांढरा पापुद्रा बोट लावलं की नुसता हलायला लागला. त्यांनी तो शेजारच्या दोन घरांत नेऊन दाखवला. आपल्या गालात असं काही आहे, हे त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळत होतं आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला होता.

'कोनाचं?'चं उत्तर मात्र अजून ठरायचं होतं. डॉक्टरने चार वाटा सांगितल्या होत्या. स्वतःचं हाड घ्यायचं तर कमरेचं काढावं लागणार, आणि या वयात शुगर असताना डॉक्टरला ते नको होतं. दुसरं जनावराचं. पण जी बाई रोज प्राणिहत्या करणार नाही असं शील घेते, तिने ते जबड्यात ठेवून तेच शील कसं म्हणावं, असं मालतीबाईंना वाटलं. तिसरं कारखान्यात बनवलेलं. तेही चाललं असतं, पण इतक्या पातळ जबड्यात माणसाचंच जास्त चांगलं धरेल, असं डॉक्टरचं मत पडलं. ही चौथी वाट, म्हणजे मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दान दिलेलं हाड, साफ करून, तपासून, बाटलीत भरलेलं.

पुढच्या शनिवारी त्या म्हणाल्या, माणसाचं चालेल, पण मला नाव पाहिजे. दान घ्यायचं तर त्या माणसाच्या नावानं विहारात पुण्यानुमोदन करायला हवं, आपलं पुण्य त्याला वाटून द्यायला हवं, आणि नावाशिवाय ते करायचं कसं? डॉक्टरने सांगितलं, नाव कोणालाच कळत नाही, मलाही नाही. बाटलीवर फक्त नंबर असतो. मालतीबाईंनी आपल्यासाठी काढलेल्या बाटलीवरचा तो नंबर लिहून घेतला.

इथे बाईंचा एकतीस वर्षांचा अनुभव आडवा आला. नंबर आणि पुढे वर्ष, असं बघितल्यावर त्यांनी मनाशी पक्कं धरलं की ही मृत्यूची नोंदच आहे. सोमवारी त्या थेट नगरपालिकेत गेल्या. त्यांच्या खिडकीमागे आता नितीन बसतो. त्याला काम त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली, हाडाची हकीकत सांगितली आणि मृतकाचं नाव काढून द्यायला सांगितलं. नितीनने कॉम्प्युटरवर बघितलं, मग जुनं रजिस्टर उघडलं. त्या नंबरावर मोहगावच्या कोणा बाईला झालेली मुलगी निघाली.

"ताई, हा नंबर आपला नोहे," तो म्हणाला. "दवाखान्यातली हाडाची बँक असते, तिथचा असन. घरच्याईनं सही करून देल्लं, त्याईचं नाव कायले सांगतीन ते?"

घरच्यांनी सही करून दिलं. मालतीबाई चिठ्ठी घेऊन बाहेर आल्या आणि तिथल्या बाकावर बसल्या. इतके दिवस त्या मेलेल्या माणसाचं नाव शोधत होत्या. सही करणारा माणूस त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. कोणाची तरी बायको असेल, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी. कोणीतरी कागद घेऊन तिच्यापुढे आलं असेल, आणि ती हो म्हणाली असेल.

त्यांच्यापुढेही एकदा कागद आला होता. चार वर्षांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात त्यांचे यजमान भिवाजी गेले, त्या दुपारी एक मुलगी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली की यांचे डोळे कोणाच्या तरी कामी येतील. मालतीबाईंनी तिला असं काही झापलं की ती कागद न उचलताच गेली. भिवाजींनी आयुष्यभर बोरगावच्या नर्सरीत संत्र्याचे डोळे बांधले होते. एका झाडाच्या फांदीवरून डोळा उचलायचा आणि दुसऱ्या खुंटावर पट्टीने बांधायचा, हेच त्यांचं कलमाचं काम. त्यांच्या हातचे डोळे सौसरच्या किती बागांत फळं देत असतील, त्याचा अंदाज नाही. त्यांचे स्वतःचे दोन मात्र मालतीबाईंनी कोणाला दिले नाहीत. का दिले नाहीत, तर चेहरा बिघडेल म्हणून. त्यांना बाकावर बसल्या जागी लाज वाटली, इतकी की ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून त्यांनी पदर पुढे घेतला.

घरी आल्यावर त्यांनी प्रियंकाला सांगून टाकलं की मला दात नकोत. प्रियंकाने कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. तिने गुपचूप डॉक्टरला फोन लावला आणि फोन सासूच्या कानाला लावला, तेव्हा मात्र त्यांना बोलावं लागलं.

"मी देल्लं नाई, डॉक्टरबाई. मले मांगतलं होतं, तरी नाई देल्लं. आता कोन्या तोंडानं घेऊ?"

डॉक्टर म्हणाली, "मावशी, ज्यांनी दिलं त्यांनी हे कोणाला मिळेल असं विचारलं नव्हतं. तुम्ही नाही घेतलं तर ते त्यांना परत जाणार नाही."

मालतीबाईंनी दोन दिवस घेतले आणि शनिवारी सौसरची बस धरली. ऑपरेशनमध्ये पापुद्रा फाटला नाही. पुढे कित्येक दिवस नाक शिंकरायचं नव्हतं आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची होती, त्यामुळे घरातले सगळे त्यांच्या समोर बसायचं टाळत. आठ महिन्यांनी नवा स्कॅन निघाला. जिथे काळं होतं तिथे धुरकट पांढरं भरलं होतं. यातलं माझं कोणतं आणि त्यांचं कोणतं, असं बाईंनी विचारलं. आता वेगळं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाली. त्यांनी स्कॅनला नाक लावून बराच वेळ शोधलं, पण त्यांनाही सांगता आलं नाही.

दात बसायला आणखी पाच महिने गेले. माघी पौर्णिमेला हेमराज मास्तरांनी आपणहून जागा सोडली. मालतीबाईंच्या 'पाणातिपाता'तला एकही 'पा' घसरला नाही, आणि मागच्या रांगेतल्या बायकाही हळूहळू त्यांच्या सुरात आल्या. मग पुण्यानुमोदनासाठी लोकांनी दिलेल्या नावांच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून वाचल्या. शेवटी त्यांनी एक नंबर वाचला, सगळे आकडे नीट सुटे सुटे. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी बाहेर पडताना विचारलंच की ताई, हा कोण? नाव माहीत नाही, आपलंच माणूस आहे, असं त्या म्हणाल्या.

घरी जाताना प्रियंका सोबत होती. कोपऱ्यावर त्या थांबल्या.

"प्रियंका, मी गेल्यावर कोनी कागद घेऊन आलं, तर तू सही करून देजो. डोळे म्हनो, हाडं म्हनो, जे मांगतीन ते."

"आई, काहून असं बोलून राहिल्या? आन् सही तर यायले करा लागन नं?"

"अमोलले इचारत बसू नको," मालतीबाई म्हणाल्या. "तो माह्यावर गेला हाय."