मिक्सर न लावलेलं हिरवं

बिट्टी कुठलाही पाला खायची, फक्त त्यावर हिरवं हवं. हिरवं म्हणजे तिच्या आईनं केलेलं सॅलडवरचं ड्रेसिंग. घट्ट दही, क्रीम, पुदिना, शेपू, पार्सली, लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह तेल, सगळं एकदम मिक्सरच्या भांड्यात कोंबायचं आणि घर्र करून मोकळं व्हायचं. आईला शिवणाच्या मशीनवरून उठायला फुरसत नसे, तिथं चिरत कोण बसणार?

बिट्टीच्या बाबांनी दुसरा संसार थाटला होता. शनिवार-रविवार बिट्टी तिकडे जायची आणि परतल्यावर चपला काढायच्या आत ओरडायची, "आई, हिरवं दे! तिथं नसतं." एवढं ऐकलं की आईला बरं वाटायचं. नवरा गेला, मोठं घर गेलं, निम्मी भांडी गेली, पण हे एक तिच्याकडे राहिलं होतं. आता मोठी सुट्टी तोंडावर आली होती, आणि ती कुणाकडे घालवायची हे यंदापासून बिट्टीच सांगणार होती. आई वरवर "तुझी मर्जी गं" म्हणायची. आतून जीव टांगणीला लागला होता.

अशात नवीचा, म्हणजे बाबांच्या नव्या बायकोचा, फोन आला.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारू? बिट्टी आमच्याकडे सॅलडला हात लावत नाही. तुमचं ते हिरवं कसं करतात, सांगाल का?"

ताई म्हणे! बिट्टीनं हिला मावशी म्हणावं, असंही बाबांचं फर्मान होतं. आईला सख्खी काय, चुलत बहीणसुद्धा नव्हती, आणि आता ही आयती पदरात पडली होती. नाही म्हणावं तर कोत्या मनाची ठरणार, वर ते बिट्टीच्या कानावर जाणार. सांगावं तर उरलंसुरलंही हातचं जाणार. मग तिला एक सुचलं आणि तिचा आवाज एकदम मधाळ झाला.

"सांगते की. पण काम किचकट आहे हं. मिक्सरचं नावसुद्धा काढायचं नाही. एकेक पान देठावरून खुडायचं, कोरडं पुसायचं, सुरीनं अगदी बारीक चिरायचं. लसूण मिठाबरोबर खलबत्त्यात. दही-क्रीम हातानं फेटायचं आणि तेल सगळ्यात शेवटी, थेंब थेंब. घाई केली की बिघडलंच."

"बाई गं! एवढं करता तुम्ही?"

"पोरीसाठी करावंच लागतं," आई म्हणाली.

फोन ठेवून ती एकटीच खुदखुदून हसली. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बस म्हणावं पानं पुसत! दोन दिवसांत कंटाळेल आणि बाजारची बाटली आणेल. त्या दिवशी तिनं उसवलेल्या परकराची शिवणही गुणगुणत घातली.

रविवारी संध्याकाळी बिट्टी आली. आईनं ताटलीत सॅलडची पानं आणि वाडगा भरून हिरवं तयार ठेवलं होतं. बिट्टीनं ते मागितलं नाही. दप्तरातून तिनं झाकण घट्ट लावलेली बरणी काढली.

"मावशीनं तुझ्यासाठी दिलंय. तिनं काल सकाळभर बसून केलं, बोट पण कापलं तिचं. बाबांनी दोनदा घेतलं!"

"बाबांनी?"

"हो. मावशी म्हणाली, तुझी आई किती चांगली आहे, कुणी इतकं नीट सांगत नाही." बिट्टीनं बरणीतलं हिरवं पानांवर ओतलं आणि बोट चाटलं. "आणि हे कडू नाही लागत."

"कडू? माझं कडू असतं?"

"थोडंसं. शेवटी लागतं ना, घशात."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, हिरवं असंच असतं."

आईनं बरणीत चमचा बुडवला. पुदिना वेगळा लागत होता, शेपू वेगळी, आणि सगळं दह्यात मऊ मिसळलेलं. मग तिनं आपल्या वाडग्यातलं चाखलं. पातं फिरून फिरून तेल आणि पाला दोन्ही कडवट झाले होते, आणि त्या चवीची जिभेला इतकी सवय होती, की इतकी वर्षं ते तिला कळलंच नव्हतं. नवरा वाटीत तसंच टाकून उठायचा. तेव्हा ती म्हणायची, तुम्हाला मेलं चांगलंचुंगलं गोडच लागत नाही. तो काही बोलायचा नाही. निघून जातानाही फारसं बोलला नव्हता.

तिला स्वतःचा संताप आला. नुसतं मिक्सरमध्ये घाल म्हणाली असती, तर काय बिघडलं असतं? खोटं बोलून तिनं त्या बाईला खरी रीत शिकवली होती, आणि त्या बाईनं बोट कापून ती पाळली होती.

बिट्टीनं ताटली पुसून खाल्ली. मग पाय हलवत, सहज विचारावं तसं तिनं विचारलं,

"आई, मग सुट्टीत मी तिकडे राहू? आता तिथं हिरवं पण असतं."