झिजणारा तळ

मुलांनो, जरा डोळे मिटा पाहू. समजा, पायात नुसते मोजे घालून तुम्ही गुळगुळीत लाकडी जमिनीवर उभे आहात. एका पायावर भार द्या आणि स्वतःभोवती फिरा. फिरलात ना, सर्रकन? आता रबरी तळाचे बूट घाला आणि पुन्हा तसंच फिरा. अंग फिरलं, पण पाऊल? ते जागच्या जागी. मधल्यामध्ये गुडघा बिचारा पिळवटला. हं, उघडा डोळे. एवढं लक्षात ठेवलंत, की गिरकी कशी अडचणीत सापडली ते तुमचं तुम्हालाच कळेल.

गिरकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागली तेव्हापासून ती सरळ अशी कधी चाललीच नाही. दारापर्यंत जायचं तरी वाटेत दोन गिरक्या. म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. चिकटवण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतंच म्हणा. त्यांचं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान होतं. एवढीशी खोली, एक बाकडं, भिंतीवर फळी आणि फळीवर लोक न्यायला विसरलेल्या चपला. "आपल्या हातून गेलेला जोडा वर्षभर परत येता कामा नये," हे त्यांचं ब्रीद. आणि खरंच, तो परत येत नसे.

दहा वर्षांची गिरकी जोडीनं करायचा नाच शिकत होती. एकमेकांचा हात धरायचा आणि एक-दोन-तीन, एक-दोन-तीन अशा ठेक्यावर सगळं दालन फिरून यायचं. तिचा जोडीदार वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, त्याला सगळे लंबू म्हणत. नाचाच्या शेवटी लंबू हात वर धरी आणि त्याच्या हाताखाली गिरकी एका दमात तीनदा फिरे. ही तिहेरी गिरकी वर्गात तिला एकटीलाच जमत असे. पण मोज्यांवर.

"शनिवारी आईबाबा बघायला येणार. त्या दिवशी मोजे चालायचे नाहीत," नाचाच्या बाई म्हणाल्या. "नाचाचे बूट आणा. बुटांत जमली तर तिहेरी गिरकी ठेवू, नाहीतर काढून टाकू."

झालं! गिरकीच्या जेवणाझोपेवर त्या तीन फेऱ्या येऊन बसल्या.

बूट घ्यायला बाबा स्वतः गेले. गळ्यात मापाची पट्टी अडकवलेल्या म्हाताऱ्या दुकानदारानं पाच जोड समोर मांडले. बाबांनी एकेक उचलून वाकवला, हुंगला, टाचेवर टकटक केलं. डॉक्टर तपासतात तसंच. गिरकीचं लक्ष मात्र एका चंदेरी, चमचमत्या जोडावर.

"एक नंबर मोठा द्या. वाढतं पाऊल आहे, पुढे कापूस घालू," बाबा म्हणाले.

"कापूस घालाल हो," दुकानदार हसला, "पण नाचताना पाय मागे येईल आणि बूट पुढेच राहील, त्याचं काय? आणि ताई, तू त्या चंदेरीकडे बघणं थांबव. इथे डोळ्यांनी निवडायचं नसतं."

कोपऱ्यात एक लाकडी फळ्यांचा चौकोन होता. तिथे डोळे मिटून प्रत्येक जोड घालून फिरायचं, ही त्या दुकानाची पद्धत. चंदेरी बुटांत गिरकीची बोटं चुरगळली. दुसरा जोड टाचेवर फटफट वाजला. चौथ्या खेपेला मात्र पायात काही आहे असं वाटेचना. ती फिरली, आणखी एकदा फिरली. डोळे उघडून बघते तर साधे तपकिरी बूट, एका पट्ट्याचे.

"हेच!"

बाबांनी जोड उलटा केला आणि त्यांच्या भुवया चढल्या. तळाला मऊ, लवेचं चामडं होतं. "हा तळ आहे की मखमल? आठ दिवसांत भोक पडेल."

"अहो, त्याचं काम झिजण्याचंच..." दुकानदार सांगू लागला, तेवढ्यात फोन वाजला आणि ते सांगणं तिथंच राहिलं.

घरी गिरकीनं बूट पुस्तकांच्या कपाटात ठेवले. "पायीची वहाण पायीच बरी म्हणतात," आई म्हणाली, "आमच्याकडे ती भूगोलाशेजारी." सगळे हसले. बाबा मात्र बुटांकडेच बघत होते.

गुरुवारी गिरकी शाळेतून आली, तर बाबा दारातच. हात पाठीमागे, चेहऱ्यावर न मावणारं हसू.

"ओळख बरं काय आहे? आता उलटे करून बघ!"

बुटांना काळाभोर रबरी तळ लागला होता. कडा अशा सुबक कापलेल्या की सांधा कुठे आहे ते शोधून सापडू नये.

"पाच वर्षं हलायचा नाही! पाऊल वाढेल, पण तळ तसाच राहील."

"तिला विचारलं होतं का?" आई आतून म्हणाली.

गिरकीनं तळावरून बोट फिरवलं. ते अडलं. पण बाबांचा तो चेहरा! "छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

शुक्रवारी वर्गात जे व्हायचं तेच झालं. लंबूनं हात वर धरला, गिरकीनं झोकात अंग फिरवलं, पाऊल जमिनीला धरून बसलं आणि ती थेट लंबूच्या पोटावर आदळली.

"बूट घातलेस की मुळं फुटली तुला?" लंबू कळवळला.

बाईंनी बूट उलटा करून कडेवरून अंगठा फिरवला. "काम सुबक आहे हं. पण ह्यावर गिरकी घ्यायची नाही, गुडघा जाईल." त्यांनी कपाटातून वर्गाचे जादा बूट काढले, करड्या रंगाचे. ते गिरकीला अगदी मापाचे झाले. "उद्या हे घाल."

प्रश्न सुटला, असं वाटतं ना? गिरकीलाही घटकाभर वाटलं. मग आठवलं, उद्या बाबा पहिल्या रांगेत असणार. बाबा एक वेळ माणसाचा चेहरा विसरतील, पण पायातला जोडा कधीच विसरायचे नाहीत. करडे घातले तर बाबा दुखावणार, तपकिरी घातले तर तिहेरी गिरकी जाणार. सांगावं, तर काल आपणच 'छान' म्हणून बसलोय. इकडे आड, तिकडे विहीर.

ती तशीच बाबांच्या दुकानात गेली. बाबा एका टाचेला खिळे ठोकत होते.

"बाबा, उठा. माझ्याबरोबर नाचा."

"मी? अगं, कंबर बघ माझी!"

"एकच गिरकी. बूट न काढता."

बाबा हसत उठले, फिरले आणि गुडघा धरून थांबले. "आई गं!"

"आता बूट काढून."

मोज्यांवर बाबा असे गर्रकन फिरले, की आधाराला त्यांनी फळी पकडली आणि विसरलेल्या तीन चपला डोक्यावर पडल्या. दोघंही खो खो हसली. हसता हसता बाबा खाली वाकले. त्यांनी आपल्या बुटांचा तळ पाहिला. मग गिरकीच्या पिशवीतून तपकिरी जोड काढला आणि त्याचाही तळ पाहिला.

"काल का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके खूश होतात. आता बाईंनी उद्यासाठी वर्गाचे करडे बूट दिलेत."

बाबा बाकड्यावर बसले. "गिरके, काही गिऱ्हाइकं 'छान, छान' म्हणत जोडा नेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. मी वर्षानुवर्षं समजत असतो, की काम चोख झालं." हातातला बूट उलटसुलट करत ते म्हणाले, "कुठे चावतो ते तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक मला जास्त आवडतं. त्यानंच मला शिकवलंय."

त्यांनी चामडं कापायची रापी घेतली आणि ते रबर सोलायला लागले. पण चिकटवणारा हात बाबांचाच! रबराबरोबर खालची लवही फाटून आली. गिरकीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बाबांनी चामड्याचे तुकडे उपसले. एक जाड निघाला, एक नको इतका गुळगुळीत. मग त्यांची नजर स्वतःच्याच मांडीवर गेली. काम करताना बांधायचं चामड्याचं जुनं पुढचं, म्हणजे एप्रन, तिथे होतं. वरून डाग पडलेलं, पण आतून गुडघ्यांना घासून घासून सशाच्या कानासारखं मऊ झालेलं. त्यांनी ते सोडलं, पालथं केलं आणि रापी चालवली.

"बाबा, तुमचं पुढचं!"

"ते पुन्हा शिवता येतं. आणि ऐक, उद्या करडे बूटही घेऊन ये. दोन्ही घालून फिर. पाय ज्यात फिरेल, ते घाल. मला वाईट वाटेल म्हणून माझे घालायचे नाहीत."

शनिवारी कार्यक्रमाला अजून अवकाश होता. खुर्च्या रिकाम्या होत्या, फक्त पहिल्या रांगेत बाबा, धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात तारेचा ब्रश खोचून बसलेले. गिरकीनं करडे बूट घातले, डोळे मिटले आणि फिरली. एक, दोन, तीन. काहीच अडलं नाही. मग तिनं तपकिरी घातले. पायात काही आहे असं वाटेचना, अगदी त्या दिवशीसारखं. उजव्या पायावर एक, दोन, तीन! डाव्यावर एक, दोन... आणि चवड्यापाशी किंचित काहीतरी धरलं. अगदी किंचित. बघणाऱ्याला कळलंही नसतं.

"कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं. ते खुर्चीतून अर्धवट उठले होते.

"छान" हा शब्द गिरकीच्या जिभेच्या टोकावर आला होता. तिनं तो गिळला. डावा बूट काढला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी ती लंगडत बाबांपाशी गेली. बूट त्यांच्या मांडीवर पालथा ठेवून तिनं चवड्याच्या जागेवर बोट टेकवलं.

"बाबा, इथे अडतंय."

बाबांनी खिशातला ब्रश काढला आणि अडणारी जागा घासायला घेतली. गिरकी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि बूट हलू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.