काजआत्याचं अंगुस्तान

खिडकीजवळची जागा रिकामी झाली आणि शिवणघरात तिघांच्याही तोंडाला पाणी सुटलं. कापणाऱ्या मास्तरांना तिथून रस्ता दिसला असता, इस्त्रीवाल्याला वारा लागला असता. काजआत्याला मात्र उजेडच हवा होता. जन्मभर काजं करून तिचे डोळे अधू झाले होते, आणि काळ्या कोटावरचं एक काज नुकतंच वाकडं गेलं होतं. आणखी एक गेलं की कोटांचं काम तिच्या हातून जाणार. पण तोंड उघडून जागा मागेल तर ती आत्या कसली!

"भांडण नको," मास्तर म्हणाले. "पोकरचा एक डाव. जिंकेल त्याची खिडकी."

जेवणाच्या सुट्टीत ते पैशांऐवजी बटणं लावून खेळत आणि आत्या हमखास हरे. पानं चांगली आली की तिचा हात आपोआप सुईपासून बोट वाचवणाऱ्या अंगुस्तानाकडे जाई. ते बोटात चढलं, की बाकीचे दोघे पानं टाकून मोकळे! हे गुपित तिला सोडून दोघांनाही ठाऊक होतं. परवा इस्त्रीवाल्याच्या तोंडून हसता हसता निसटलं, तेव्हा कुठे तिला कळलं.

आज पानं आत्यानं वाटली, म्हणजे बोलायची पाळी तिची शेवटी. तिनं पानं उचलली. पाच पानांची पाच तोंडं पाच दिशांना, साधी जोडीसुद्धा नाही.

इस्त्रीवाल्यानं डोकं खाजवत "पास" म्हटलं. मास्तरांनी पानं दोनदा लावली, मोडली, आणि तेही "पास" म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती शेवटी बोलणाऱ्याची. बाकीच्यांच्या मुठी तोवर उघडलेल्या असतात. आत्यानं पानं उपडी ठेवली, अंगुस्तान चढवलं आणि सगळी बटणं पुढे ढकलली.

"गेली खिडकी!" इस्त्रीवाल्यानं पानं फेकली. मास्तर बराच वेळ तिच्या बोटाकडे बघत राहिले, मग त्यांनीही टाकली.

"दाखवा तरी आत्या, काय होतं?" इस्त्रीवाला म्हणाला.

"झालेली शिवण उसवून बघू नये," म्हणत तिनं पानं गड्डीत मिसळली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून तिनं पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात मास्तर जवळ आले.

"आत्या, अंगुस्तान तुम्ही उजव्या हातात घालता ना?"

"हो. का?"

"काल डाव्या हातात होतं."

आत्याचा चेहरा पडला. "मग पानं का टाकलीत?"

"रस्ता काय, दारातूनही दिसतो," मास्तर म्हणाले आणि कात्री शोधायला लागले.

आत्या खाली मान घालून काज करत राहिली. मग तिला हसू आवरेना.

"पुढच्या वेळी उजव्या हातात घालीन हो," ती म्हणाली.