सगळं स्वतःचं स्वतः

निवेदितानं टेबलाखालून गिरीशचा पाय दाबला, पण गाडी केव्हाच सुटली होती.

“जिनासुद्धा एकटी चढते,” तो फर्ड्या इंग्रजीत सांगत होता. “कोटाची बटणं? स्वतः! पोळीसुद्धा स्वतः तोडून खाते!”

कौन्सिलचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, मिस्टर हॅरिस मान डोलावत टाइप करत होते. गिरीश-निवेदिताच्या नऊ वर्षांच्या लेकीला, दियाला, सेरेब्रल पाल्सी होती. उजवा हात आणि दोन्ही पाय तिचं ऐकत नसत. मदतीला मिस कॅरल दिवसभर शेजारी असायची, म्हणून तर ती सगळ्या मुलांबरोबर वर्गात शिकू शकत होती. कॅरलचे तास तेवढेच ठेवायचे की कमी करायचे, ते आज ठरणार होतं. ट्राममध्ये निवेदितानं नवऱ्याला बजावलं होतं,

“गिरीश, तिथे फक्त तिचा वर्स्ट डे सांगायचा. कौतुक अजिबात नको. कळलं?”

“कळलं गं.”

काय कळलं होतं ते दिसतच होतं. शाळेत टेबलापलीकडे कुणी बसलं की गिरीशला ती थेट नागपुरातली केजीच्या ॲडमिशनची मुलाखत वाटायची. शिवाय परक्यासमोर लेकीला ‘जमत नाही’ म्हणायला त्याची जीभच रेटत नसे.

“छान! मग निम्मे तास पुरतील,” मिस्टर हॅरिस म्हणाले.

गिरीश आधी अभिमानानं हसला आणि मग त्याचा चेहरा पडला. निवेदिताला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात दियाला आत आणलं. मुलांचंही मत विचारायची इथे पद्धत होती.

“दिया, घरी जिना तू एकटी चढतेस?” मिस्टर हॅरिसनी विचारलं.

“नाही. बाबा उचलतो.”

“आणि बटणं?”

“बाबाच लावतो. पोळीचे तुकडेपण तोच करतो. मग आजीला फोनवर सांगतो, दियानं केलं.”

गिरीशनं खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे फार लक्ष देऊन पाहिलं. मिस्टर हॅरिसनी टाइप केलेलं सगळं पुसून टाकलं.

“मिस कॅरल पूर्ण वेळ राहील,” ते म्हणाले.

निवेदिताला हायसं वाटलं. लेकीला जवळ घ्यावं की आधी नवऱ्याला बुकलावं, एवढंच तिला ठरवता येईना.

“पण बाबा असं सांगतो तेव्हा तू त्याला थांबवत का नाहीस?” मिस्टर हॅरिसनी निघता निघता सहज विचारलं.

दियानं खांदे उडवले. एकच उडाला.

“सांगताना तो किती खूश असतो!”