कागदाला बांधलेलं सूत

माझी सून मैना सातवी शिकलेली. मी दुसरीतून उठलेली, तीही मास्तरांच्या हाताला चावून. त्र्याहत्तर साली कामतघरच्या मोफत दवाखान्यात आजाऱ्यांचे कागद सांभाळायची तिला नोकरी लागली. मी नको म्हटलं होतं. घरात माझं ऐकतो कोण?

तिने सगळे कागद नवऱ्यांच्या नावाने, अ-आ करत, कपाटात लावले. दिसायला देखणं काम. पण बाया यायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? ठकुबाईने तर तापलेलं पोर कडेवर घेऊन धाकट्या दिराचं नाव सांगितलं. कागद निघाला जावेच्या पोराचा. बाटलीत औषध ओतताना चूक कळली. डॉक्टर मैनेला म्हणाले, "शनिवारपर्यंत हे सुधारा, नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो."

संध्याकाळी ही ताटावर नुसती बसून.

"बायाच अडाणी हायत, आई."

"मीबी त्यातलीच. तुझा सासरा जाऊन सहा वर्षं झाली, अजून त्याचं नाव घेतलं न्हाय. तुझ्या कपाटापुढं घेतलं असतं होय? कपाट तू तुझ्या सोयीने लावलंस, येणारीच्या न्हाय."

"मग कसं लावू?"

"बाई काय सांगते? कुठल्या चाळीत, कितव्या खोलीत ऱ्हाते. तसं लाव."

शेजारच्या लूममधून, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातून, मी रंगीत तुटक्या सुताची पिशवी मागून आणली. एका चाळीला एक रंग. खोली कितवी, तितक्या गाठी. घरातल्या सगळ्यांचे कागद एका जुडीत बांधायचे, आणि तसाच दोरा त्या घरच्या बाईच्या हातात द्यायचा. तीन दिवस आम्ही दोघी गाठी मारत आणि चाळीचाळीत दोरे वाटत होतो. तिच्या गाठी सैल. मी बोलले, तिने ऐकून घेतलं.

शनिवारी मी मुद्दाम दवाखान्यात जाऊन बाकावर बसले. ठकुबाईने पिवळा दोरा पुढे केला, चार गाठींचा. मैनेचा हात सरळ जुडीवर गेला. तिच्यामागे कमळा, तिच्यामागे राहीबाई. डॉक्टर तिन्ही जुड्या निघेपर्यंत बघत राहिले, मग जाऊन आपल्या खुर्चीत बसले. दुसऱ्या मुलीचा विषय परत निघाला नाही.

घरी आल्यावर मैनेने माझ्या हातात लाल दोरा ठेवला.

"हे काय?"

"तुमचाबी कागद केलाय. पहाटे खोकता, मला ऐकू येतं. सोमवारी माझ्यासंगती यायचं."

"वर नाव कुणाचं घातलंस?"

"तुमचं. जानकीबाई. नुसतं तुमचंच."

सासरी आल्यापासून हे नाव असं कुणी उच्चारलं नव्हतं. मी दोरा कमरेला खोचला आणि म्हटलं, "भात करपतोय. बघ जा."