नारळ कोणी कोणाच्या दारी न्यायचा

मित्रांनो, एके काळी लोक मान वर करून माझ्याकडे बघायचे. आता माझ्या टोकावर कावळा बसला तरच बघतात. मी एक जुना मल्लखांब आहे. पाथरीच्या वाटेवरच्या एका गावात, मारुतीच्या देवळामागे मला रोवलं आहे. सिताराम सुताराने सागवान तासून मला घडवलं. मला वाटलं होतं, आता आपण कधी एकटे पडणार नाही.

बरीच वर्षं तसंच गेलं. आश्रुबा वस्ताद रोज सकाळी मला एरंडेल तेल चोळायचे आणि पोरं-पोरी रांगेनं चढायची. मी त्यांना तळहातांवरून ओळखायचो. योगीराजची पकड सगळ्यांत पक्की होती.

पण पाथरीच्या स्पर्धेत त्याचा हात सुटला आणि तो पडला. परत आल्यावर वस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, की तुझ्यानं काही व्हायचं नाही. तो मान खाली घालून गेला, तो आलाच नाही. वस्तादांना ते बोलणं आतून खात होतं. पण आमच्याकडे रीत अशी, की शिष्यानं नारळ घेऊन वस्तादाच्या दारी यायचं. वस्ताद शिष्याच्या दारी जात नाही. "येईल की," असं ते मला तेल चोळताना पुटपुटायचे आणि जागचे हलायचे नाहीत. मी तर रोवलेलाच आहे, माझं एक समजण्यासारखं आहे.

चौकातल्या दादाला असली रीत नव्हती. तो मोटारसायकलवरून थेट पोरांच्या दारी जायचा. ढाब्यावर जेवू घालायचा, खांद्यावर हात ठेवायचा, आणि मग कुणाला धमकवायला सोबत न्यायचा. माझ्यावर चढणाऱ्या पोरांतला बालाजी गेला, हरिओम गेला. घाबरलेल्या आयांनी धाकट्यांना घरीच ठेवलं. योगीराजची बहीण निकिता तेवढी येत राहिली. शेळ्या अंग घासून जायच्या, एवढाच माझा सराव. फार एकटं वाटायचं.

एका संध्याकाळी निकिता न चढताच वस्तादांपाशी बसली. दादाचा वाढदिवस जवळ आला होता आणि बॅनरवर योगीराजचाही फोटो लागणार होता. गावाला ठाऊक होतं, बॅनरवर फोटो लागला की ते पोरगं दादाचं झालं. पोलीसही नंतर त्याच चेहऱ्यांना शोधत येतात.

"तो उद्या फोटो द्यायलाय," ती म्हणाली. "तुमी घरी या, वस्ताद. तो तुमची वाट बघायलाय, पण बोलून दावत न्हाई."

वस्ताद उठले. मग त्यांनी देवळापुढच्या दुकानातून नारळ घेतला, तेलाचे हात धोतराला पुसले आणि निघाले. मी मागे वाट बघत राहिलो.

पुढचं निकितानं सांगितलं. वस्ताद उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "तू पडला तवा मी तुला उचलायला पायजे होतं. चुकलं माझं." योगीराजनं नारळ घेतला आणि कितीतरी वेळ तो हातात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगाला ओळखीचे तळहात लागले. पकड तीच होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

बॅनर लागलाच. त्यात योगीराज नव्हता. बालाजी आणि हरिओम होते. वाढदिवसाला मारामारी झाली आणि पोलीस दोघांना घेऊन गेले. ते ऐकून योगीराज माझ्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, "वस्ताद, त्यांच्या घरी गेलते का तुमी?"

वस्तादांनी तेलाचे हात पुसले. त्याच दिवशी ते नारळ घेऊन बालाजीच्या घरी गेले. दारात त्याची आई चांगुणाबाई एकटीच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आता आलात व्हय?"

तो नारळ वस्तादांनी परत आणून माझ्या पायाशी ठेवला. अजून तो तिथेच आहे, न फोडलेला. बालाजी उतरताना मला थोपटायचा. ती थाप मी अजून विसरलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्यातला एखादा खेळायला यायचा बंद झाला, तर 'येईल की' म्हणत बसू नका. त्याच्या दारी जा. मला जाता येत नाही, तुम्हाला येतं.